आपल्या शिवारातला ठिपकेवाला होला

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या काठापासून कुंटाला धबधब्याजवळच्या सागवानी रानापर्यंत कुठेही गेलात, तरी दुपारच्या शांततेत 'क्रू-क्रूक, क्रू-क्रू' असे घुमणे ऐकू येते. हा होला. कोणी त्याला कवडा म्हणतात. तेलुगू बोलणारे आपले शेजारी गुव्वा म्हणतात. देवळाच्या शिखरावर थव्याने राहणारा पारवा तो वेगळा. होला त्याच्यापेक्षा सडपातळ, लांब शेपटीचा, चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे ३० सेंटिमीटर.

आपल्याकडे होल्याच्या अनेक जाती दिसतात. ओळखायचे असेल तर आधी मान पाहावी. ठिपकेवाल्याच्या मानेवर मागे काळा पट्टा व त्यावर पांढरे ठिपके, जणू बुद्धिबळाचा पटच! तपकिरी पाठीवरही फिकट गुलाबी ठिपके असतात. मानेवर नुसती काळी अर्धकडी असेल तर तो कंठी होला किंवा लाल होला. लाल होल्याचा नर विटकरी असतो. ठिपकेवाल्याचे नर-मादी मात्र सारखेच दिसतात. पिलांच्या मानेवर ठिपके नसतात, म्हणून पुष्कळदा फसगत होते.

होला जमिनीवर चालत गवताचे बी व सांडलेले धान्य टिपतो. बहुतेक पक्षी पाणी पिताना चोच वर करतात. होला चोच बुडवून सरळ ओढून पितो.

घरटे बांधण्यात मात्र तो आळशीच म्हणावा लागेल. बाभळीच्या फांदीवर किंवा बोरीच्या झुडपात काड्यांची इतकी विरळ चटई, की खालून अंडी दिसतात. अंडी बहुधा दोन, पांढरी. नर-मादी आळीपाळीने सुमारे दोन आठवडे उबवतात. पिलांना पहिले काही दिवस आईवडील दोघेही आपल्या गळ्यातील पिशवीत तयार होणारे दुधासारखे घट्ट अन्न भरवतात. त्यामुळे पिलांसाठी अळ्या-किडे शोधावे लागत नाहीत आणि होल्याची वीण जवळजवळ वर्षभर चालते. कावळा, भारद्वाज, मांजर यांनी कितीही घरटी लुटली तरी ही जात टिकून आहे ती यामुळेच. पण घरट्याशी वारंवार कोणी गेले तर जोडी अंडी सोडूनही जाते. म्हणून दुरूनच पाहा. गलोल तर घरीच ठेवा; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने होला मारणे किंवा पकडणे गुन्हा आहे.

पालकांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पूर्वी आपल्या शिवारात ज्वारी मोठी होती, आता जिकडेतिकडे कापूस. ज्वारीच्या खळ्यावर सांडणारे दाणे कमी झाले, म्हणून होल्यांना बांधावरच्या गवताचे बी महत्त्वाचे. बांध जाळला की तेही जाते. पेरणीनंतर औषध लावलेले बियाणे उरते, ते बांधावर किंवा अंगणात उघडे टाकू नये. होला ते धान्य समजूनच टिपतो.

या महिन्यात इयत्ता सातवीच्या मुलांनी रोज सकाळी दहा मिनिटे घराजवळचे होले मोजावेत. वहीत तारीख, वेळ, जागा आणि मानेवरची खूण लिहावी. मान नीट दिसली नाही तर जात न लिहिता फक्त 'होला' एवढेच लिहावे.