करोना-विषाणूचा संसर्ग आणि पक्षाघात

मध्य प्रदेशातील करोना-विषाणूचे पहिले रुग्ण २० मार्च २०२० रोजी जबलपूर शहरात आढळले. त्या दिवसांत सर्वांचे लक्ष रुग्णाच्या श्वासाकडे लागलेले होते, आणि ते योग्यच होते; कारण हा विषाणू प्रथम श्वसनमार्गावर आघात करतो. परंतु थोड्याच आठवड्यांत जगभरच्या वैद्यांना असे दिसून आले की, काही रुग्णांचे संकट फुप्फुसांपाशी थांबत नाही. ते मेंदूपर्यंत पोचते.

मेंदूला रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा भाग निकामी होऊ लागतो. यालाच पक्षाघात म्हणतात. जबलपूरकडे त्याला ‘लकवा’ म्हणतात. करोनाच्या रुग्णांत रोहिणी फुटण्यापेक्षा ती बंद होण्याचेच प्रकार पुष्कळ अधिक आढळले.

फुप्फुसाच्या रोगाने मेंदूतील रोहिणी का बंद व्हावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. निरोगी रोहिणीचे अस्तर गुळगुळीत असते व त्यावर रक्त सहसा गोठत नाही. संसर्गाशी झुंजताना शरीरात जो दाह उत्पन्न होतो, त्याने हे अस्तर दुखावते. त्याच वेळी रक्तातील गोठण्यास साहाय्यक द्रव्ये वाढतात. नदीचा काठ खडबडीत झाला आणि पाण्यात गाळही वाढला, तर प्रवाह तुंबण्यास वेळ लागत नाही. तसेच येथे घडते. कधी हृदयाचे स्पंदन अनियमित होऊन तेथे गुठळी धरते आणि रक्ताबरोबर वाहत मेंदूत जाते. रक्तदाब किंवा मधुमेह पूर्वीपासून असल्यास हा धोका अधिक वाढतो.

याचे प्रमाण किती, हे न्यूयॉर्कमधील दोन रुग्णालयांच्या २०२० मधील अभ्यासावरून कळते. तेथे करोनाच्या १,९१६ रुग्णांपैकी ३१ जणांना गुठळीमुळे पक्षाघात झाला. पूर्वीच्या वर्षांतील इन्फ्लुएंझाच्या १,४८६ रुग्णांत अशा व्यक्ती केवळ ३ होत्या. म्हणजे शंभरांतील बहुतेक रुग्ण यातून सुटतात; परंतु साध्या तापाच्या मानाने धोका निश्चितच मोठा आहे. पन्नाशीच्या आतील काही रुग्णांनाही त्याने गाठले होते.

यापेक्षाही गंभीर अडचण निराळीच आहे. करोनाचा रुग्ण एकटा ठेवला जातो. जेवणाचे ताट दाराशी ठेवले जाते, चेहरा मुखपट्टीने झाकलेला असतो, आणि बोलणे अस्पष्ट झाले तर ते अशक्तपणामुळे असेल, असे घरचे समजतात. कृत्रिम श्वसनासाठी गुंगीत ठेवलेल्या रुग्णाचा हात लुळा पडला, तरी गुंगी उतरेपर्यंत तो लक्षात येत नाही. रोग लपतो तो अशा रीतीने, आणि वेळ मात्र जात राहतो. मोठी रोहिणी बंद असताना उपचाराविना दर मिनिटास सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या रोहिणीतील गुठळी नळीच्या साहाय्याने बाहेर काढता येते. निवडक रुग्णांत हा उपाय चोवीस तासांपर्यंतही होऊ शकतो. मंडला किंवा दिंडोरी जिल्ह्यातील खेड्यातून जबलपूरला पोचण्यातच या वेळाचा मोठा भाग खर्च होतो. म्हणून घरी एक तासही दवडता कामा नये.

तेव्हा विलगीकरणातील रुग्णास दिवसातून अनेकदा, अंतर राखून का होईना, बोलते करावे. त्याला मुखपट्टी क्षणभर दूर करून हसावयास सांगावे, दोन्ही हात वर उचलावयास सांगावे आणि एक वाक्य म्हणवून घ्यावे. तोंड एका बाजूस वळले, एक हात खाली आला किंवा शब्द अडखळले, तर रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला ती वेळ टिपावी व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून करोनाची गोष्टही सांगावी. तोंडावाटे पाणी वा औषध देऊ नये. रक्त पातळ करण्याची गोळी स्वतःच्या मनाने तर मुळीच देऊ नये. कारण रोहिणी बंद आहे की फुटली आहे, हे मेंदूचे क्ष-किरण छेदचित्र काढल्यावाचून ठरत नाही.

लसीकरणामुळे आज हा रोग बहुधा सौम्य रूपात येतो. तरीही तापाच्या रुग्णाचा एक हात एकाएकी लुळा पडला, तर तो थकवा नव्हे, ही गोष्ट घरातील प्रत्येकाने ध्यानी ठेवावी.