बाईचा गुडघा आधी का झिजतो?

जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू, भिलाला वस्त्यांवर आपण भेटीला जाल, तेव्हा गुडघ्यावर हात टेकून उठणाऱ्या भगिनी दिसतील. "वय झालं," म्हणून घरचे सोडून देतात. पण पन्नाशीनंतर गुडघ्याची झीज पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते, आणि हे जगभर दिसते.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने दाब पडतो-सुटतो, तेव्हा सांध्यातल्या वंगणातून त्याला पोषण मिळते. म्हणून झिजलेली कूर्चा नीट भरून येत नाही. स्त्रियांची कूर्चा मुळात पातळ. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनही घटते, त्याचाही वाटा असावा. त्यात डोक्यावर मोळी! चालताना गुडघ्यावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, म्हणजे वीस किलोची मोळी गुडघ्याला वीस किलोची राहत नाही.

नुसते बसून राहणे हा उपाय नव्हे (हा गैरसमज आपल्या मंडळीतही आहे). खाटेच्या काठावर बसून एकेक पाय सरळ करावा, पाच मोजेपर्यंत धरावा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू बळकट झाले की दुखणे हलके होते. गुडघा सुजून गरम झाला, ताप आला, तर मात्र त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.