न उडालेले विमान

शाळेच्या वार्षिक प्रदर्शनाला पाच आठवडे उरले होते. इयत्ता आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हातांनी तयार केलेली एक वस्तू प्रदर्शनात मांडावी, असे हस्तव्यवसायाच्या शिक्षकांनी सांगितले होते. कोणी पवनचक्की करावयास घेतली, कोणी मातीचा रायगड रचू लागले. मुंबईतील एका चाळीत राहणाऱ्या एका मुलाने मात्र विमान करण्याचे ठरविले; आणि तेही कोणी कधीच न पाहिलेले.

त्याचे आजोबा पुष्कळ वर्षे नौदलाच्या गोदीत सुतारकाम करीत होते. निवृत्त झाल्यावरही त्यांची पटाशी, कानस आणि करवत तेल लावून पेटीत ठेवलेली असत. मुलाने पेटीकडे हात नेताच त्यांनी विचारले, "कोणते विमान करणार?"

"माझ्या मनातले," मुलगा म्हणाला. "दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, जहाजावरून उडणारे. पण असे विमान खरे कधी झालेच नाही, आजोबा. त्यामुळे ते चुकले असे कोणालाही म्हणता येणार नाही!"

आजोबा हसले. "चूक काढणारा कोणी नाही म्हणून काम सोपे झाले, असे तुला वाटते. मला तर ते अवघड झालेले दिसते. खऱ्या विमानाची प्रतिकृती करणाऱ्याची चूक छायाचित्र दाखविते. तुझी चूक तुलाच शोधावी लागेल."

मग त्यांनी एक हकीगत सांगितली. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने देशातील शाळकरी मुलांकडे एक विलक्षण मागणी केली. मित्रांच्या व शत्रूंच्या विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती नौदलाला हव्या होत्या. आकाशातील विमान आपले की परके, हे क्षणार्धात ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना व वैमानिकांना त्यांवरून द्यावयाचे होते. प्रतिकृतीचे प्रमाण एकास बहात्तर असे ठरले. म्हणजे खऱ्या विमानाची बहात्तर सेंटीमीटर लांबी प्रतिकृतीत एक सेंटीमीटर व्हावयाची. अशी प्रतिकृती अकरा मीटर अंतरावरून पाहिली, की ती सुमारे आठशे मीटरांवरील खऱ्या विमानाएवढीच दिसे. मुलांनी लाकूड तासून विमाने घडविली, काळ्या रंगाने रंगविली आणि तपासणीसाठी पाठविली.

"त्या मुलांनी पंखाचा आकार चुकविला असता, तर काय झाले असते?" आजोबांनी विचारले.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. "आपल्याच विमानावर कोणी गोळी झाडली असती," तो हळूच म्हणाला.

"म्हणून म्हणतो, माप म्हणजे केवळ आकडा नव्हे. आता सांग, तुझे विमान कोणत्या जहाजावर उतरणार?"

मुलाने याचा विचार केलाच नव्हता. त्याच्या कागदावर विमान होते, ढग होते, जहाज नव्हते.

जहाज शोधावयास दूर जावे लागले नाही. आजोबांनी ज्या जहाजावर काम केले होते, त्या 'विक्रांत'चीच कथा या कामी आली. महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ साली, ब्रिटनमध्ये 'हर्क्युलिस' नावाच्या विमानवाहू जहाजाची बांधणी सुरू झाली. १९४५ च्या सप्टेंबर महिन्यात ते पाण्यात ढकलले गेले, तेव्हा युद्ध नुकतेच संपले होते. पुढील वर्षी त्याचे काम थांबविण्यात आले. ज्या युद्धासाठी त्याचा जन्म झाला, ते युद्ध त्याने पाहिलेच नाही. १९५७ साली भारताने ते अपुरे जहाज विकत घेतले. ४ मार्च १९६१ रोजी 'विक्रांत' या नावाने ते भारतीय नौदलात दाखल झाले आणि १९७१ च्या युद्धात त्याच्यावरील विमानांनी बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजविला. १९९७ साली ते सेवेतून निवृत्त झाले. पुढे २०१४ साली त्याची मोडतोड सुरू झाली. त्याचे नाव मात्र २०२२ साली कोचीन येथे नौदलात दाखल झालेल्या, भारतात बांधलेल्या नव्या जहाजाला लाभले.

मुलाने मनाशी योजिले : युद्ध लांबले असते आणि हर्क्युलिस त्यात उतरले असते, तर त्याच्यावर जे विमान असू शकले असते, ते आपण करावयाचे. विमान काल्पनिक राहिले. जहाज खरे झाले. त्या क्षणापासून त्याच्या कल्पनेला भिंती आणि छत लाभले.

जहाजाची लांबी सुमारे २१३ मीटर. एकास बहात्तर या प्रमाणात ती जवळजवळ तीन मीटर होते. एवढे जहाज चाळीच्या खोलीत मावणे शक्य नव्हते. परंतु विमानाला संपूर्ण जहाज लागत नाही. विमाने ठेवण्याची जागा जहाजाच्या पोटात असते. त्या विमानघराची उंची सुमारे ५.३ मीटर होती. प्रतिकृतीच्या मापात ७.४ सेंटीमीटर. मुलाने पुठ्ठ्याची तेवढ्या उंचीची एक चौकट कापली आणि ती खिडकीत उभी करून ठेविली. हाच त्याचा परीक्षक.

आजोबांनी पांगाऱ्याच्या लाकडाचा तुकडा दिला. कोकणातील खेळणी करणारे हे हलके लाकूड जाणतात; पटाशी त्यात सहज चालते. मुलाने धड कोरले, खरकागदाने घासले. पंखांची एकंदर लांबी १६.७ सेंटीमीटर, म्हणजे खऱ्या मापाने बारा मीटर, अशी त्याने ठरविली. जहाजावर जागेची टंचाई असल्यामुळे पंख मिटावयास हवेत. त्याने प्रत्येक पंख मध्ये कापून बारीक बिजागरी बसविली आणि मोठ्या डौलाने दोन्ही पंख वर उभे केले. तसेच ते विमान चौकटीखालून सरकविले, तेव्हा पंखांची टोके पुठ्ठ्याला अडली. फरक अवघा चार मिलिमीटरांचा होता.

"चार मिलिमीटरच तर आहेत," तो पुटपुटला.

"बहात्तरांनी गुण," आजोबा म्हणाले.

गुणाकार सुमारे एकोणतीस सेंटीमीटर आला. आणि ग्रंथालयातील पुस्तकात त्याला आढळले, की अमेरिकेकडून घेतलेली कॉर्सेअर विमाने पंख मिटून आपल्या जहाजांत मावावीत म्हणून ब्रिटिश नौदलाला त्यांच्या पंखांची टोके सुमारे वीस-वीस सेंटीमीटर छाटावी लागली होती. प्रतिकृतीत हे माप तीन मिलिमीटरांहूनही कमी भरते. तेवढ्यासाठी खरी विमाने कापली गेली होती!

त्याच पुस्तकात दुसरी एक वाट होती. अमेरिकेतील विमाननिर्माते लेरॉय ग्रुमन यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांनी खोडरबराचा तुकडा धड म्हणून घेतला, कागद अडकविण्याच्या तारा सरळ करून पंख म्हणून त्यात खोचल्या आणि कोणत्या कोनात तार बसविली असता ती फिरून धडाच्या बाजूला जाऊन टेकते, हे शोधून काढले. पक्षी बसताना पंख अंगाशी घेतो, तसे त्यांच्या वाइल्डकॅट विमानाचे पंख मागे वळू लागले. साडेअकरा मीटरांचे ते विमान पंख मिटल्यावर सुमारे ४.४ मीटर रुंदीत राही. मुलानेही खोडरबर व तार घेऊन तीन दिवस खटपट केली. चौथ्या दिवशी तिरकी बिजागरी साधली आणि विमान पंख मागे घेऊन चौकटीखालून अलगद पलीकडे गेले.

आता पाय आणि आकडा राहिला होता. जहाजावर उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एकात तो अडकतो, आणि विमान थोड्याच अंतरात थांबते. हा हिसका सोसण्यासाठी धड बळकट हवे आणि आदळणे सोसण्यासाठी पायही बळकट हवेत. स्पिटफायर हे ब्रिटनचे नामांकित विमान भूमीवरील धावपट्टीसाठी रचलेले होते. त्यात फेरफार करून जहाजासाठी सीफायर करण्यात आले. परंतु त्याचे पाय नाजूकच राहिले. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीतील सालेर्नोजवळ ही विमाने लहान, मंदगती जहाजांवरून लढत होती. वारा पडलेला होता. समोरून वारा असला, की उतरणाऱ्या विमानाचा जहाजाच्या मानाने वेग कमी होतो. तेथे ते साहाय्य नव्हते. शत्रूच्या माऱ्याने झाली त्याहून कितीतरी अधिक सीफायर विमाने उतरतानाच्या अपघातांत निकामी झाली.

हे वाचल्यावर मुलाने पायांसाठी घेतलेली बारीक टाचणी टाकून दिली आणि जाड तार घेतली. सर्वांत शेवटी त्याने एक वैमानिक कोरला. उभा राहिला असता, तर तो अडीच सेंटीमीटरही भरला नसता. त्याला आसनावर बसवून वर पारदर्शक झाकण चिकटविले. रंग झाला. चार संध्याकाळ खपून कोरलेला तीन पात्यांचा पंखा नाकावर बसला. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होते.

रात्री त्याने विमान मेजावर ठेविले. मागचे लहान चाक टेकलेले आणि नाक वर, असे ते ऐटीत उभे होते. त्याने सहज बोटाने शेपूट उचलली. उड्डाणासाठी धावताना विमान असेच आडवे होते. तोच टिक् असा बारीक आवाज झाला. पंख्याचे पाते मेजाला लागले होते. त्याने माप घेतले. पात्याचे टोक चाकांच्या पातळीखाली एक मिलिमीटर जात होते.

प्रदर्शनात विमान शेपूट टेकूनच उभे राहणार होते. शेपूट उचलून पाहण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. आजोबा झोपले होते. मुलाची नजर झाकणाआडच्या त्या चिमुकल्या वैमानिकाकडे गेली. जहाज वाऱ्याला सामोरे झाले आहे, विमान धावू लागले आहे, शेपूट उचलली गेली आहे, आणि पाती डेकवर आपटत आहेत. हा माणूस समुद्रात कोसळणार.

त्याने पंखा उपटून काढला.

पाय लांब करावेत, तर ते मिटून धडात मावले नसते. म्हणून त्याने पंख्याचा व्यास पाच सेंटीमीटरांवरून ४.२ वर आणला आणि ओढ कमी पडू नये म्हणून तीनऐवजी चार पाती केली. काम संपले तेव्हा बाहेर दूधवाल्याची हाक ऐकू येत होती. त्याने पुन्हा शेपूट उचलली. पात्याखाली तीन मिलिमीटरांची फट होती. खऱ्या मापाने एकवीस सेंटीमीटरांहून थोडी अधिक. नवा पंखा पहिल्याइतका देखणा नव्हता. एका पात्याचा रंग अजून ओला होता.

सकाळी आजोबांनी चार पाती पाहिली. मग त्यांनी बोटाने शेपूट उचलली, वाकून फट पाहिली आणि विमान काळजीपूर्वक खाली ठेविले. ते काही बोलले नाहीत. फक्त आपली पटाशी पुसून त्यांनी नातवाच्या हाती दिली.

प्रदर्शनात एका पाहुण्याने विचारले, "हे कोणत्या देशाचे विमान? मी तर हे कोठेच पाहिले नाही."

"हे कधी झालेच नाही," मुलगा म्हणाला. "पण झाले असते, तर उडून परत जहाजावर उतरले असते."

कल्पना करणे सर्वांना जमते. परंतु जेथे आपली चूक कोणालाही दिसणार नाही, तेथे ती स्वतः शोधून दुरुस्त करणे, हीच कारागिराची खरी परीक्षा होय.