शासकीय संशोधन अनुदान : वैद्य व औषधनिर्माते यांची पूर्वतयारी

"संशोधनासाठी शासन पैसा देते असे ऐकतो, तो आमच्यासारख्या व्यावसायिकाला कसा मिळेल?" सभासदांच्या बैठकीत हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. काही वर्षांपूर्वी आम्हीही आमवातावरील एका योगासाठी असा प्रस्ताव पाठविला होता. तो तीन शंकांसह परत आला. आमवाताचे निदान कोणत्या निकषांवर करणार? औषधाची प्रत्येक घाणी सारखीच आहे हे कशावरून? आणि उपशय मोजणार कसा? त्या वेळी आम्हांला राग आला. पिढ्यानपिढ्या वापरात असलेल्या योगाला पुरावा कसला, असे वाटले. आज मागे वळून पाहता त्या तीनही शंका रास्त होत्या, हे मान्य करावे लागते. आमच्याजवळ योग होता, श्रद्धा होती. परंतु प्रश्न नव्हता आणि नोंदीही नव्हत्या. या अनुभवाच्या आधारे प्रस्तुत लेखात पूर्वतयारीचा विचार केला आहे.

अनुदान औषधाला नव्हे, प्रश्नाला

शासकीय अनुदान औषधाच्या कीर्तीला मिळत नाही. ज्याचे उत्तर मोजता येईल अशा प्रश्नाला ते मिळते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे भगंदरातील क्षारसूत्र. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजेच आयसीएमआरने, क्षारसूत्र व शस्त्रकर्म यांची तुलना करणारी बहुकेंद्री चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष 1991 मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीत 503 रुग्ण घेतले होते. त्यांपैकी एक वर्षाचा पाठपुरावा पूर्ण करणाऱ्या 265 रुग्णांवर निष्कर्ष आधारलेले आहेत. भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण क्षारसूत्राने 4 टक्के, तर शस्त्रकर्माने 11 टक्के आढळले. मात्र व्रण भरून येण्यास क्षारसूत्राने सुमारे 8 आठवडे लागले, शस्त्रकर्माने 4.

या अहवालात क्षारसूत्राची उणी बाजूही तितक्याच स्पष्टपणे नोंदविली आहे, आणि त्यामुळेच त्याची जमेची बाजू इतरांना मान्य करावी लागली. "क्षारसूत्र श्रेष्ठ आहे" हे विधान होय. "एका वर्षात भगंदर पुन्हा किती जणांना होते?" हा प्रश्न होय. प्रस्ताव लिहिण्यापूर्वी आपल्या मनातील विधानाचे असे प्रश्नात रूपांतर करावे.

आपली चिकित्सा प्रकृती, दोष, अग्नी, काल पाहून बदलते, ती आधुनिक चाचणीच्या चौकटीत बसत नाही, असा आक्षेप काही ज्येष्ठ वैद्य घेतात. तो सर्वस्वी खरा नाही. कोईमतूर येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अर्थसाहाय्याने आमवातसदृश संधिवातावर एक द्विअंध चाचणी झाली. तीत आयुर्वेदीय चिकित्सा, मेथोट्रेक्सेट आणि दोहोंचा संयुक्त वापर यांची तुलना होती. वैद्यांना रुग्णागणिक औषधे बदलण्याची मुभा होती. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत केवळ 43 रुग्ण असल्याने तिच्यावरून अंतिम निर्णय देता येत नाही. परंतु व्यक्तिसापेक्ष चिकित्साही शिस्तीने तपासता येते, एवढे तिने निश्चित दाखविले.

कोणते दार कोणासाठी?

अर्ज चुकीच्या ठिकाणी गेल्यास चांगला प्रस्तावही नाकारला जातो. म्हणून विषयानुसार योग्य यंत्रणा निवडावी.

1. आयुष मंत्रालय : हे मंत्रालय 9 नोव्हेंबर 2014 रोजी स्वतंत्रपणे अस्तित्वात आले. बाहेरील संस्थांना संशोधनासाठी अनुदान देणारी, 'एक्स्ट्रा म्यूरल रिसर्च' नावाने परिचित असलेली योजना 2021-22 पासून 'आयुर्ज्ञान' या केंद्रीय योजनेत समाविष्ट झाली. जुन्या नावाची व जुन्या नमुन्याची कागदपत्रे अद्याप अनेकांच्या संग्रही आहेत. ती वापरू नयेत.

2. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषद : मुंबई, पुणे व नागपूर येथे परिषदेच्या संस्था आहेत. खासगी व्यवसाय करणाऱ्या वैद्यांसाठी परिषदेने 2023 मध्ये 'अग्नी', म्हणजे आयुर्वेद ज्ञान नैपुण्य उपक्रम, सुरू केला. वैद्यांनी आपल्या अनुभवसिद्ध चिकित्सापद्धती कळवाव्यात, त्यांचे दस्तऐवजीकरण व्हावे आणि योग्य वाटल्यास पुढे संशोधन हाती घ्यावे, असा त्याचा उद्देश आहे. यात थेट रक्कम हाती येत नाही. तथापि एकट्या वैद्यासाठी हीच पहिली पायरी ठरू शकते. पदवीचे विद्यार्थी परिषदेच्या 'स्पार्क' योजनेत दोन महिन्यांच्या लघुप्रकल्पासाठी एकूण 50,000 रुपये मिळवू शकतात. आपल्याकडे शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांना ही माहिती अवश्य द्यावी.

3. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ : सन 2000 मध्ये स्थापन झालेले हे मंडळ वनस्पतींचे संवर्धन, लागवड व तत्संबंधी संशोधन यांना साहाय्य करते. पश्चिम विभागासाठीचे त्याचे प्रादेशिक सुविधा केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात उभारण्यात आले. कच्च्या द्रव्यांची ओळख, भेसळ, संग्रहकाल व साठवण हे ज्यांचे प्रश्न आहेत, त्या औषधनिर्मात्यांनी प्रथम येथे चौकशी करावी.

4. औषधनिर्मितीचा दर्जा : 'आयुष औषधी गुणवत्ता एवं उत्पादन संवर्धन योजना' 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी 122 कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाली होती. औषधशाळा व परीक्षण प्रयोगशाळा यांचे बळकटीकरण हा तिचा एक भाग होता. त्यापुढील काळासाठी अर्ज करताना मंत्रालयाचे ताजे परिपत्रक पाहूनच निर्णय घ्यावा.

5. नवीन कल्पना व नवउद्योग : जैवतंत्रज्ञान विभागाच्या 'बायरॅक' या 2012 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची 'बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट' ही योजना 18 महिन्यांसाठी 50 लाख रुपयांपर्यंत साहाय्य देणारी म्हणून परिचित आहे. केवळ शास्त्रोक्त योग नव्या वेष्टनात सादर केल्यास तेथे उपयोग नाही. नवे तंत्र किंवा नवी प्रक्रिया असावी लागते.

6. मूलभूत संशोधन : पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले आहे. प्रतिष्ठानाचा कायदा 2023 चा असून तो 5 फेब्रुवारी 2024 पासून अमलात आला. औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांतील प्राध्यापकांना सहकारी घेणाऱ्यांनी हा मार्ग लक्षात ठेवावा.

संस्थेची जोड आवश्यक

यांपैकी बहुतेक योजनांत अनुदान व्यक्तीच्या नव्हे, तर संस्थेच्या नावे मिळते. एकट्या वैद्याने किंवा छोट्या औषधशाळेने निराश होण्याचे कारण नाही. आयुर्वेद अथवा औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाशी करार करून सहसंशोधक म्हणून काम करता येते. रुग्ण व अनुभव वैद्याचा, औषध औषधशाळेचे, प्रयोगशाळा व संख्याशास्त्रज्ञ महाविद्यालयाचे, अशी वाटणी करावी. मात्र औषधाच्या कृतीवर हक्क कोणाचा, शोधनिबंधावर नावे कोणाची व कोणत्या क्रमाने, हे आरंभीच लेखी ठरवावे. यावरून पुढे जुने स्नेहसंबंध तुटलेले आम्ही पाहिले आहेत.

रुग्णांवरील कोणत्याही अभ्यासास संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता घ्यावी लागते. जुन्या केसपेपरांचा अभ्यासही याला अपवाद नाही. चिकित्साचाचणीची नोंदणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया येथे पहिला रुग्ण घेण्यापूर्वी करावी. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी स्वीकारली जात नाही. आयुर्वेदीय औषधांच्या चाचण्यांसाठी आयुष विभागाने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे प्रस्ताव लिहिणाऱ्याने वाचलेली असावीत. औषधशाळेने शेड्यूल टी प्रमाणपत्र, प्रत्येक घाणीचा परीक्षण अहवाल, आणि रसौषधी असल्यास धातूंच्या परीक्षणाचा अहवाल तयार ठेवावा.

खरे भांडवल : रुग्णनोंद

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. समजा, एखाद्या वैद्याने 100 रुग्णांना एक योग दिला. त्यांपैकी 40 परत आले व 32 जणांना उपशय मिळाला. वैद्य प्रामाणिकपणे सांगतो, "80 टक्के गुण येतो." परीक्षक विचारतो, "उरलेल्या 60 जणांचे काय झाले?" ते बरे झाले म्हणून आले नाहीत, की गुण आला नाही म्हणून दुसरीकडे गेले? उत्तर नसेल, तर 100 पैकी 32 एवढेच खात्रीने म्हणता येते. क्षारसूत्राच्या चाचणीतही जवळजवळ निम्म्या रुग्णांचा पाठपुरावा अपूर्ण राहिला. पण ते अहवालात लपविलेले नाही.

म्हणून आजपासून एकच व्याधी निवडावी आणि त्या व्याधीच्या प्रत्येक रुग्णाची पुढील नोंद ठेवावी : निदानाचे निकष, व्याधीचा काल, प्रकृती, चालू असलेली अन्य औषधे, औषधाची मात्रा, अनुपान व घाणी क्रमांक, ठरावीक दिवसांनी मोजलेले लक्षण, उपद्रव आणि चिकित्सा सोडल्यास तिचे कारण. गुण न आलेल्या रुग्णांची नोंद अधिक काळजीपूर्वक करावी. अशा पन्नास सलग नोंदी प्रस्तावासोबत असतील, तर त्यांचे वजन दहा प्रशस्तिपत्रकांहून अधिक भरेल.

अनुदान मिळाल्यानंतर

अनुदान म्हणजे बक्षीस नव्हे. तो सार्वजनिक पैसा आहे. मंजूर शीर्षाखालीच खर्च करावा लागतो, वर्षाअखेर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते व अखर्चित शिल्लक परत करावी लागते. अनुदानातून घेतलेले उपकरण परस्पर विकता येत नाही. यासाठी स्वतंत्र बँक खाते ठेवावे आणि सनदी लेखापालांचा सल्ला पहिल्या दिवसापासून घ्यावा. प्रस्तावात संख्याशास्त्रज्ञाचे मानधन, रुग्णांचा प्रवासखर्च व प्रयोगशाळेचे शुल्क धरण्यास विसरू नये. यांवाचून चांगले प्रकल्प अर्ध्यावर थांबतात.

आपल्या जिल्ह्यात असे अनेक वृद्ध वैद्य आहेत, की ज्यांचे अनुभव त्यांच्या वहीत नव्हे, केवळ स्मरणात आहेत. त्यांच्यानंतर ते अनुभव कोणत्याही अनुदानाने परत मिळणार नाहीत. अर्जाची मुदत येईल तेव्हा येईल. नोंदवही मात्र उद्याच्या पहिल्या रुग्णापासून उघडता येते. ज्या सभासदांच्या पंचवीस सलग नोंदी पूर्ण होतील, त्यांनी त्या शाखेच्या बैठकीत आणाव्यात. त्यांचे प्रश्नात रूपांतर आपण सर्व मिळून करू.