अडलं की सांग

चि. सई,

शनिवार-रविवारच्या हॅकेथॉनमध्ये तू नाव दिलंस आणि टीममधल्या बाकीच्या पाचांपैकी एकाशीही तुझी ओळख नाही, हे दादाने फोनवर सांगितलं. त्याला काळजी वाटत होती, मला आनंद झाला. सगळ्यांपुढे आपलं कोडिंग कच्चं ठरेल, ही तुझी धास्ती सोड. अशा स्पर्धांना मी मेंटर म्हणून जाते, तेव्हा कच्च्या कोडिंगमुळे बुडालेल्या टीम क्वचितच दिसतात. कुणीतरी अडून बसतं आणि अनोळखी लोकांसमोर तोंड उघडत नाही, म्हणून टीम बुडते.

एक मुलगा आठवतो. त्याचं वेबपेज ३००० नंबरच्या पोर्टवर होतं, सर्व्हर ५००० वर. पोस्टमन या टूलमधून विचारलं की सर्व्हर नीट उत्तर देई. ब्राउझरमध्ये मात्र लाल अक्षरांत कॉर्सचा एरर. पोर्ट वेगळं म्हणजे ब्राउझरच्या लेखी ओरिजिन वेगळं, आणि सर्व्हरने हेडरमधून परवानगी दिल्याशिवाय ब्राउझर उत्तर पेजच्या हाती लागू देत नाही. त्याला हे ठाऊक नव्हतं, यात काहीच गैर नाही. पण रात्रीच्या जेवणानंतर अडलेला तो मुलगा पहाटेपर्यंत कुणीही विचारलं की ‘होतंय, होतंय’ एवढंच म्हणत राहिला. शेजारच्या मुलीने हाच एरर कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सोडवलेला होता. पहाटे तिने त्याची स्क्रीन पाहिली, सर्व्हरमध्ये दोन ओळी घातल्या आणि काम झालं. तोवर रात्र हातची गेली होती.

म्हणून शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी सहाही जण गोल करून बसा. कुणाला काय येतं, काय येत नाही, काय शिकायचंय, रात्री कोण थांबणार, हे प्रत्येकाने सांगायचं. सुरुवात तू कर. ‘मला रिॲक्ट जमतं, डेटाबेसमध्ये गडबडते’ असं एकीने म्हटलं की बाकीच्यांचीही भीड चेपते. आणि तिथेच ठरवून टाका: अर्धा तास अडलं की मोठ्याने सांगायचं, आणि सांगणाऱ्याला कुणी हसायचं नाही.

दादा म्हणाला, तुम्ही कांद्याच्या भावाचं ॲप करणार आहात: भावाचा अंदाज, हवामान, मराठीत बोलून विचारायची सोय, शिवाय कर्जाची माहिती. एवढं सगळं दोन दिवसांत होणार नाही, गं. ॲगमार्कनेटवर रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव क्विंटलमागे मिळतात. लासलगाव आणि पिंपळगावचा आजचा भाव शेजारीशेजारी दिसला, तरी शनिवारी रात्रीपर्यंत पुष्कळ झालं. पण तो पडद्यापासून डेटाबेसपर्यंत खरोखर चालला पाहिजे. आणि कोड लिहिण्याआधी कांदा लावणाऱ्या कुणाला तरी फोन करा. तो पहिल्या पाच मिनिटांत सांगेल की लांबच्या बाजारातला जास्तीचा भाव पिकअपच्या भाड्यात जातो, आणि सर्वसाधारण भावावरून त्याच्या गोलटीला, म्हणजे बारीक कांद्याला, काय मिळेल ते कळत नाही. भाडं वजा करून हातात काय पडेल ते दाखवलंत, तर ॲप त्याच्या कामाचं होईल.

आणखी एक गोष्ट, आणि ती माझ्या मनाला लागते. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहाजणांच्या टीममध्ये निदान एक मुलगी हवीच असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण त्या मुलीच्या वाट्याला पीपीटी आणि सूत्रसंचालन येतं, हे मी फार वेळा पाहिलंय. तुमची स्पर्धा निराळी असली तरी हे होऊ शकतं. स्लाइड तुला मनापासून करायच्या असतील तर जरूर कर. नाहीतर ‘एपीआयचं काम माझ्याकडे द्या’ असं पहिल्या तासातच सांग. नंतर ते बोलायला जीभ जड होते.

बाकी तू जाणतेसच. गिटवर थोडंथोडं, वारंवार कमिट करा. एपीआयची की चुकून पब्लिक रिपॉझिटरीत गेली, तर फाइल पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. की रद्द करून नवी घ्यायची. रविवारी सकाळनंतर नवं काही जोडू नका. चालत्या ॲपचा व्हिडिओ काढून ठेवा, सभागृहातल्या वायफायचा भरवसा नसतो. आणि आळीपाळीने चार तास तरी झोपा. झोप न झालेल्या माणसाने केलेला मर्ज निस्तरायला दुप्पट वेळ जातो.

परीक्षकांपुढेही असंच मोकळं राहा. भाव हाताने भरलेले असतील तर तसं सांगा, भाड्याचा हिशेब अपुरा असेल तर तोही. मी परीक्षक असते तेव्हा अशा टीमला पुढचे प्रश्न आपुलकीने विचारते, कारण तिथे काम कुठवर आलंय ते मला कळतं.

शनिवारी रात्री माझा फोन चालू असेल. पण आधी शेजारच्या खुर्चीवरच्याला विचार, मग मला.

तुझी,
आत्या