कोपीवरची मुलं वर्गात बोलत नाहीत

प्रश्न : मी नेवासे तालुक्यात पहिलीला शिकवते. दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्यांसोबत आलेली बंजारा मुलं वर्गात गप्प बसून राहतात. काय करावं?

उत्तर : बाई, ही मुलं घरी गोरमाटी बोलतात, मराठी त्यांची दुसरी भाषा. सुरुवातीला बोलायची सक्ती नको. ‘आण’, ‘दाखव’, ‘उडी मार’ अशा सूचना कृतीतून कळू द्या. मग कोपी (म्हणजे टोळीची तात्पुरती झोपडी), कोयता, मोळी, बैलगाडी यांची चित्रं काढून घ्या. मूल चित्राबद्दल जे सांगेल ते गोरमाटीतच फळ्यावर देवनागरीत लिहा, खाली मराठी वाक्य. त्यांचं वाचन इथून सुरू होऊ द्या. बाराखडीची घाई मला तरी पटत नाही. चूक झाली तर टोकू नका, बरोबर वाक्य आपणच सहज म्हणा.

स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर शब्दांविना चित्रपुस्तकं मोफत मिळतात. कुणी हरकत घेतलीच, तर 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दाखवा : शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, असं त्यात म्हटलं आहे. गाळप संपून टोळी परतताना मुलाची वही त्याच्यासोबत द्या. गावाकडच्या गुरुजींना ती उपयोगी पडेल.