आज किल्ला दिसतो का?



आपल्या शाळेच्या ओट्यावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की लळिंगचा किल्ला दिसतो. पण तो रोज दिसत नाही. पावसाळा संपला की डोंगराच्या घळीसुद्धा मोजता येतात, आणि चैत्र-वैशाखात डोंगर कुठे गेला म्हणून शोधावे लागते. डोंगर तर जागचा हलत नाही. मग तो जातो कुठे? मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "मला विचारू नकोस. रोज बघ आणि वहीत लिही." त्या वहीतून हा लेख तयार झाला.

आमची वही

उघड्या डोळ्यांनी किती लांबची वस्तू ओळखता येते, त्या अंतराला दृश्यमानता म्हणतात. हवामान खात्याची माणसे ती कशी ठरवतात? अगदी साध्या रीतीने! ज्यांचे अंतर माहीत आहे अशा खुणा ती आधी निवडून ठेवतात. मग चारी दिशांना बघतात आणि कोणती खूण दिसते, कोणती नाही, ते लिहितात. रात्री दिवे बघतात.

आम्हीही तसेच केले. रस्ता वळत वळत जातो, पण नजर सरळ जाते. म्हणून तालुक्याच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतरे काढली. आमच्या पाच खुणा अशा:

१) गावाची पाण्याची टाकी – ४०० मीटर
२) नाल्याकाठचा वड – १ किलोमीटर
३) शेजारच्या गावच्या देवळाचा कळस – ३ किलोमीटर
४) मोबाईलचा मनोरा – ५ किलोमीटर
५) लळिंगचा किल्ला – सुमारे १० किलोमीटर

मार्चपासून आपली सकाळची शाळा असते. शाळा भरताना एकदा, सुटताना एकदा आणि चार वाजता घराच्या धाब्यावरून एकदा, अशा तीन नोंदी मी रोज केल्या. वहीत शेवटचा रकाना होता 'कारण'. त्या रकान्याची गोष्ट पुढे सांगते.

धुरकट हवा म्हणजे काय?

धुके आणि धुरकट हवा एक नव्हे. धुक्यात पाण्याचे बारीक थेंब असतात, आणि १ किलोमीटरच्या आतलेच दिसत असेल तरच त्याला धुके म्हणतात. उन्हाळ्यात आपल्याकडे हवा कोरडी असते. तिच्यात तरंगतात ते धुळीचे आणि धुराचे कण. ते इतके बारीक की एकेकटा कण डोळ्याला दिसत नाही. पण उन्हाचा प्रकाश त्यांच्यावर आदळून चहूकडे विखुरतो. डोंगराकडून आपल्याकडे येणारा प्रकाश वाटेत कमी होतो आणि हा विखुरलेला पांढरट प्रकाश मध्ये भरतो. म्हणून डोंगर आधी निळसर, मग फिका दिसतो आणि शेवटी आभाळाच्या रंगात मिसळून जातो.

घरी हा प्रयोग करा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या. मागे कागदावर काळी रेघ ओढून ठेवा. पाण्यात दुधाचा एक थेंब टाका, ढवळा. मग दुसरा, तिसरा. रेघ जागेवरच आहे, पण थेंबाथेंबाला फिकी होते आणि नाहीशी होते. किल्ल्याचे तसेच होते.

सकाळी का दिसत नाही?

मला वाटायचे, दुपारी ऊन तापते म्हणून दुपारीच वाईट दिसणार. पण पुष्कळ दिवशी शाळा भरताना किल्ला नव्हता आणि सुटताना अंधुक का होईना दिसत होता. गुरुजींनी कारण सांगितले. रात्री जमीन निवते. तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते, वरची हवा त्या मानाने गरम राहते. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे होते. चुलींचा धूर, रस्त्याचा फुफाटा, सारे झाकणाखाली कोंडते. दिवस वर आला की जमीन तापते, हवा वर जाऊ लागते, झाकण उघडते आणि धुरळा उंच पसरतो. मात्र ज्या दुपारी वारा सुटला, वावटळी उठल्या, त्या दुपारी नवी धूळ उडून मनोरासुद्धा दिसला नाही.

आणखी एक गंमत. वळवाचा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी किल्ला इतका स्पष्ट दिसला की जणू नाल्यापलीकडेच उभा आहे! पावसाने हवा धुऊन काढली होती. म्हणजे स्वच्छ हवेत वस्तू जवळ वाटते आणि धुरकट हवेत लांब वाटते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

विमानाला काय त्याचे?

गोंदूरच्या बाजूने एखादे लहान विमान घरघरत येते, तेव्हा आपण सारे वर बघतो. पण वैमानिकाला खालचे कसे दिसत असेल, हे आपण कधी मनात आणत नाही.

लहान विमाने पुष्कळदा नजरेच्या भरवशावर उडवतात. त्यासाठी नियम आहे. १०,००० फुटांच्या खाली समोर निदान ५ किलोमीटर दिसले पाहिजे, त्याच्या वर ८ किलोमीटर. आता गणित करा. विमान ताशी १८० किलोमीटर वेगाने जाते असे धरू, म्हणजे मिनिटाला ३ किलोमीटर. समोरून तसेच दुसरे विमान आले, तर मधले अंतर मिनिटाला ६ किलोमीटर कमी होते. ५ किलोमीटर दिसत असेल तर हाती ५० सेकंद. २ किलोमीटरच दिसत असेल तर २० सेकंद! तेवढ्यात बघायचे, ओळखायचे आणि वळायचे.

दुसरी अडचण तिरप्या नजरेची. मच्छरदाणीतून सरळ समोर पाहिले तर पलीकडचे दिसते, तिरपे पाहिले तर जाळी दाट होते. वैमानिकाला सरळ खालची घरे दिसतात, पण पुढची धावपट्टी तिरपी असते आणि मध्ये धुरळ्याचा जाड थर असतो. सूर्य समोर असला तर आणखी कठीण. शिवाय धुरकट हवेत धावपट्टी आहे त्यापेक्षा लांब वाटते. त्या भासाला फसला तर वैमानिक नको तितका खाली उतरत येतो.

तिसरी अडचण सर्वांत वाईट. जमीन आणि आभाळ यांच्यामधली रेघच पुसली जाते, आणि मग विमान सरळ आहे की कलले आहे हे अंगाला कळत नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉन केनेडी यांचे चिरंजीव स्वतः लहान विमान चालवत होते. १६ जुलै १९९९ च्या रात्री समुद्रावर हवा धुरकट होती. विमान समुद्रात कोसळले. ते, त्यांची पत्नी आणि मेहुणी असे तिघेही गेले. रात्रीचा काळोख आणि धुरकट हवा यांमुळे त्यांना दिशेचे भान राहिले नाही, असे चौकशीत ठरले.

मोठ्या विमानांना उतरायला यंत्रांची मदत असते. धावपट्टीच्या कडेला दृश्यमानता मोजणारी यंत्रेही असतात. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने असे यंत्र बनवले आहे, त्याचे नावच 'दृष्टी'. तरीही २०१८ च्या जूनमध्ये राजस्थानकडून धूळ आली, तेव्हा चंदीगडला विमाने रद्द करावी लागली.

माझी चूक

आता 'कारण' या रकान्याची गोष्ट. आखाजीच्या आधी एका सकाळी किल्ला नव्हता, मनोराही नव्हता. फक्त देवळाचा कळस दिसत होता. मी कारण लिहिले, 'धूळ'. शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, वारा तर नाहीच. आणि धुराचा वास येतोय की!" मला ते ठाऊक होते. आदल्या संध्याकाळी माझ्या बाबांनीच वावरातल्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. ते लिहायची मला लाज वाटली.

गुरुजींनी वही पाहिली. रागावले नाहीत. म्हणाले, "विमानतळावर हवेची नोंद करणारा माणूस धुरकट हवेला 'एचझेड' लिहितो, उडत्या धुळीला 'डीयू' आणि धुराला 'एफयू'. वैमानिक त्या माणसाला ओळखत नाही. पण त्याने लिहिलेल्या दोन अक्षरांवर भरवसा ठेवून विमान खाली आणतो. तो माणूस लाजला तर कसे चालेल?"

आमच्या वहीत खोडरबर चालत नाही. मी 'धूळ' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि लिहिले, 'धूर. आमच्या वावरातला.' ती रेघ अजून वहीत आहे.

घरी बाबांना सांगितले. ते आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "एक वावरना धूरमा किल्ला झाकाई जास का?" त्यांचे म्हणणे खरे आहे. एका वावराच्या धुराने किल्ला झाकत नाही. बरीचशी धूळ वाराच आणतो, त्याला आपला इलाज नाही. पण त्याच संध्याकाळी मी त्यांना धाब्यावर नेले आणि आम्ही दोघांनी जाळ मोजले. अकरा होते. बाबांनी उरलेल्या पऱ्हाट्या पेटवल्या नाहीत. त्या बांधावर रचल्या आहेत. तुकडे करून खड्ड्यात कुजवायच्या म्हणतात, पण ते काम फार कष्टाचे आहे. पुढच्या वर्षी काय करतील ते मला सांगता येत नाही. आज मात्र ते हे वाचायला येणार आहेत.

सांगा पाहू!

१) धुके आणि धुरकट हवा यांत फरक कोणता?
२) सकाळी न दिसणारा डोंगर दुपारी का दिसतो?
३) तुमच्या घराच्या धाब्यावरून सर्वांत लांबची कोणती खूण दिसते? तिचे अंतर किती?

वही ओट्यावरच्या खुंटीला दोरीने बांधली आहे. पालकांनीही जाता जाता दक्षिणेकडे पाहावे आणि आज किल्ला दिसतो का, ते लिहावे. दिसत नसेल तर कारणही लिहावे. खरे असेल तेच लिहावे.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी